बारा वर्षांची लेक, बॅले आणि दुखरे गुडघे-घोटे

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. मुलगी १२ वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून बॅले शिकते. आठवड्याला चार क्लास, शिवाय शनिवारी भरतनाट्यम. वर्षभरात उंची एकदम वाढली. दोन महिन्यांपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं, आणि चवड्यांवर उठली की घोट्याच्या मागे खोलवर टोचतं. टीचर म्हणतात अंग आखडलंय, अजून ताणायला हवं. जीपींनी, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांनी, सहा आठवडे सगळं बंद करायला सांगितलं. आजी पुण्याहून फोनवर म्हणतात, पुरे झालं ते नाचणं. आणि सप्टेंबरपासून पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर नाचायचे टणक शूज, घालायची वेळ येऊन ठेपली आहे. कुणाचं ऐकायचं?

तिघांपैकी कुणाचंच पूर्ण ऐकू नका. मी मुंबईत फिजिओथेरपी शिकले आणि आता बरीच वर्षं इंग्लंडात नाचणाऱ्या मुलांवरच काम करते. हात लावून तपासल्याशिवाय निदान सांगता येत नाही. पण ११ ते १४ वयाच्या ज्या मुली माझ्याकडे येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची कथा हीच असते. अंगात लवचीकता भरपूर असते, ताकद मात्र कामाच्या मानाने तोकडी. त्यात उंचीचा झपाटा येतो आणि नेमकं त्याच वर्षी क्लासचे तासही वाढतात. दुखणं तिथून येतं.

बॅलेतल्या दुखापती म्हटलं की लोकांना उडी चुकून धाडकन पडलेली मुलगी दिसते. प्रत्यक्षात तसं कमी घडतं. लंडनमधल्या तीन नामांकित बॅले शाळांतल्या २६६ विद्यार्थ्यांच्या वर्षभराच्या नोंदींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७६ टक्के मुलांना वर्षात निदान एकदा तरी दुखापत झाली होती, आणि एकूण दुखापतींपैकी ७२ टक्के अतिवापराच्या होत्या. म्हणजे तीच हालचाल पुन्हा पुन्हा करून, हळूहळू साचलेल्या. अशा दुखण्याला ठरावीक दिवस नसतो, त्यामुळे ‘कधी लागलं?’ या प्रश्नाला मुलीकडे उत्तर नसतं आणि मोठ्यांना वाटतं ती नखरे करतेय.

आता पालकांना सहसा न पटणारी गोष्ट. बॅलेचा क्लास म्हणजे व्यायाम, तेव्हा वेगळा व्यायाम कशाला, असं वाटतं. क्लास नीट पाहा. पहिला अर्धा-पाऊण तास बारला, म्हणजे भिंतीकडच्या आडव्या दांड्याला, धरून, मग मधोमध येऊन, आणि त्यात निम्मा वेळ आपली पाळी येईपर्यंत भिंतीशी उभं राहण्यात. दम लागेल असं काम शेवटच्या काही मिनिटांत येतं, आणि ते असतं उड्यांचं. म्हणजे पाय सगळ्यात थकलेले असताना सगळ्यात जड काम. शिवाय सगळं काही पाय बाहेर वळवून. पाय सरळ ठेवून जोर लावणं, मांडीच्या मागच्या स्नायूंचं काम, वजन उचलणं, यातलं काहीही तिथे होत नाही. क्लास तंत्र शिकवतो आणि तेच त्याचं काम आहे. ते तंत्र पेलण्याची ताकद दुसरीकडून आणावी लागते. व्यावसायिक कंपन्यांनाही हे उशिराच उमगलं. बर्मिंगहॅम रॉयल बॅलेमधल्या नोंदी २०१२ साली छापून आल्या, तेव्हा नाचाच्या दर १००० तासांमागे ४.४ दुखापती निघाल्या. पुढे प्रत्येक नर्तकाची कमजोरी तपासून त्याला वेगळा व्यायाम आखून दिल्यावर आकडे उतरले. ही तर पोटापाण्यासाठी नाचणारी, पूर्ण वाढ झालेली माणसं. बारा वर्षांच्या मुलीकडून आपण ‘आपोआप येईल ताकद’ अशी अपेक्षा धरतो.

उंचीचं आधी सांगते, कारण पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे. मुलींमध्ये वाढीचा झपाटा साधारण ११-१२ व्या वर्षी येतो, मुलग्यांमध्ये दोनेक वर्षं उशिरा. या काळात मुलगी वर्षाला आठेक सेंटिमीटर वाढू शकते. आधी हाडं लांब होतात, स्नायू मागून येतात. मांडी आणि नडगी लांबली की पाय वर धरून ठेवायला अधिक जोर लागतो, पण तो जोर अजून तयार झालेला नसतो. हाडांच्या टोकांपाशी वाढ जिथे चालू असते तो भाग मऊ असतो आणि स्नायूंची टेंडन्स (हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) नेमकी अशाच ठिकाणी हाडाला ओढत असतात. तोलही काही महिने बिघडतो. कालपर्यंत सहज येणारा पिरुएट (एका पायावरची गिरकी) आज येत नाही, पाय पूर्वीइतका वर जात नाही. टीचरला ते आखडणं वाटतं, आळस वाटतो. मुलगी घाबरून दुप्पट ताणते. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करायची आपल्याकडची पद्धत इथे फार उपयोगी आहे. दर तीन महिन्यांनी खूण करा आणि तारीख घाला. तीन महिन्यांत दोन सेंटिमीटरच्या आसपास वाढ दिसली तर समजा झपाटा चालू आहे. अशा वेळी उड्यांची संख्या आणि नवे तास वाढवायचे नाहीत.

आता गुडघा. तिला सांगा, एका बोटाने दाखव नेमकं कुठे दुखतं ते. वाटीच्या दोनेक बोटं खाली, नडगीच्या वरच्या टोकाला हाडाचा जो उंचवटा लागतो, तिथे दाबल्यावर कळ आली आणि जागा थोडी फुगलेली असेल तर बहुधा ऑस्गुड-श्लाटर. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी तिथे वाढत्या हाडाला ओढत राहते, म्हणून ते दुखतं. वाटीच्या अगदी खालच्या टोकाला दुखत असेल तर तोच प्रकार थोडा वर. बोट एका जागी टेकतच नसेल, ‘वाटीच्या भोवती, आतून कुठेतरी’ असं म्हणत असेल आणि जिना उतरताना वाढत असेल, तर वाटी आणि मांडीच्या हाडामधलं दुखणं. तिन्हींचं मूळ एकच असतं, म्हणजे मांडी आणि खुब्याच्या ताकदीपेक्षा उड्या आणि खोल बैठका जास्त होणं.

याला सहा आठवडे खाटेवर बसवून काही साधत नाही. दुखणं थांबतं खरं, पण ताकद आणखी उतरते आणि परतल्यावर पंधरा दिवसांत तेच पुन्हा. मी साधारण असं करते: पहिले चार आठवडे उड्या, ग्राँ प्लिए (पाय बाहेर वळवून केलेल्या खोल बैठका) आणि गुडघ्यावर बसणं बंद, बाकी क्लास चालू. त्याच चार आठवड्यांत पाठ भिंतीला लावून अर्ध्या खुर्चीसारखं बसून राहण्याचा व्यायाम, ३०-४० सेकंद, चार-पाच वेळा, रोज. मग हळूहळू वजन घेऊन मांडीचे व्यायाम, आणि उड्या सगळ्यात शेवटी. पूर्ण बरं वाटायला काही महिने जातात हे मुलीला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात रडारड होत नाही.

एक इशारा मात्र ठळक. या वयात गुडघा दुखतो आणि बिघाड खुब्यात असतो, असंही होतं. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या रेषेवर सरकतो आणि दुखणं गुडघ्यात जाणवतं. मुलगी लंगडत असेल, पाय बाहेर वळवून टाकत असेल, खुबा आत वळवताना दुखत किंवा अडत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा आणि खुब्याचा एक्स-रे मागा. हा प्रकार विरळ आहे, पण सुटता कामा नये.

घोट्याच्या मागचं टोचणं हे बॅलेचं खास दुखणं. पाऊल पूर्ण ताणून चवड्यावर उभं राहिलं की टाचेचं हाड वर येतं आणि नडगीच्या मागच्या कडेला जवळजवळ टेकतं. मधल्या चिंचोळ्या जागेत घोट्याच्या हाडाचं शेपूट असतं. काही जणांमध्ये ते शेपूट मुख्य हाडाला जोडलं न जाता सुटं राहतं, त्याला ऑस ट्रायगोनम म्हणतात. ते ८ ते १३ या वयातच हाडाचं होतं, म्हणून या वयात एक्स-रेवर ते दिसलं की पालकांचा जीव उडतो. नुसतं असणं हा आजार नाही. ते चिमटलं जाऊन सुजलं तर दुखतं. त्याच्या शेजारून अंगठा वाकवणारी दोरी जाते. घोट्याच्या आतल्या बाजूला, मागे दुखत असेल आणि अंगठा हलवताना टक् असा आवाज येत असेल, तर ती दोरी घासतेय असं समजायला हरकत नाही.

इथे तुम्हाला एक विचारायचं आहे, आणि मुलगी समोर नसताना नीट पाहा. ती घरी सोफ्याखाली पावलं अडकवून गुडघे सरळ करत बसते का? किंवा पाऊल कमानीसारखं वाकवणारं ते लाकडी यंत्र ऑनलाइन मागवलं आहे का? माझ्याकडे घोटा दुखतो म्हणून येणाऱ्या मुलींना हे विचारलं की निम्म्या वेळा आई ‘नाही’ म्हणते आणि मुलगी जमिनीकडे बघते. व्हिडिओत कुणाची तरी कमान बघून हे उद्योग सुरू होतात. बाहेरून जोर लावून पाऊल वाकवणं म्हणजे जी जागा चिमटतेय तीच आणखी चिमटवणं. हे आजच बंद. पावलाची कमान सुंदर दिसायला पोटरी आणि तळपायाचे बारीक स्नायू बळकट हवेत, तेव्हाच टाच नीट उचलली जाते आणि मागची जागा मोकळी राहते. ऑस्ट्रेलियन बॅले या कंपनीमध्ये पोटऱ्या ताणत उभं राहण्याची जुनी सवय सोडून एका पायावर टाच उचलण्याचा व्यायाम रोजच्या कामात आणला गेला, तो याच विचाराने.

टीचर ज्याला आखडणं म्हणतात त्यामागे पुष्कळदा टर्नआउटची, म्हणजे पाय बाहेर वळवण्याची, ओढाताण असते. पाय बाहेर वळतो तो खुब्यातून, आणि खुबा किती वळेल हे बरंचसं हाडांच्या घडणीवर ठरतं. दोन्ही पावलं एका रेषेत यायची तर प्रत्येक खुबा ९० अंश वळायला हवा. बहुतेकांचा तेवढा वळत नाही, चांगल्या नर्तिकांचाही नाही. उरलेलं थोडं गुडघ्याखालून आणि पावलातून निघतं. तपासायचं असेल तर मुलीला पालथं झोपवा, गुडघा काटकोनात वर वाकवा आणि तळपाय दुसऱ्या पायाच्या बाजूला आपल्या वजनाने पडू द्या. कंबर न उचलता जिथपर्यंत जातो तेवढं तिचं खुब्यातलं वळण. मग तिला गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभं करा, गुडघे सरळ ठेवून, हात न धरता पाय वळवायला सांगा. पावलं जेवढी उघडतील तेवढा तिचा खरा टर्नआउट. क्लासमध्ये मुली काय करतात? गुडघे वाकवतात, पावलं जमिनीवर पूर्ण बाहेर रोवतात आणि मग गुडघे सरळ करतात. जमीन पाऊल धरून ठेवते, खुबा पुढेच बघत असतो आणि मधला गुडघा पिळला जातो. ओळखायची खूण सोपी: प्लिए करताना वाटी दुसऱ्या बोटाच्या वर आहे की अंगठ्याच्याही आत, आणि तळपायाची कमान जमिनीला लोळण घेतेय का. तसं होत असेल तर पावलं थोडी आत घ्यायला सांगायची. परीक्षेत गुण जातील ही भीती असते, पण चांगला परीक्षक पिळलेला गुडघा ओळखतोच. आणि खुब्याला बाहेर वळवणारे खोल स्नायू बळकट केले तर आहे तेवढं वळण टिकवता येतं. दिसण्यात फरक पडतो तो तिथेच.

ताणण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. तुमची मुलगी कोपर उलट वाकवते, अंगठा मनगटाला लावते, गुडघे सरळ ठेवून तळहात जमिनीला टेकवते, असं तुम्ही लिहिलंय. बॅलेत अशी मुलं निवडली जातात आणि तिथेच ती जास्त अडचणीतही येतात. सैल झालेल्या बिजागरीत तेल घालून दार नीट बसत नाही, स्क्रू आवळावे लागतात. तिला वाटणारं ‘आखडलेपण’ बऱ्याच वेळा थकलेल्या स्नायूने सांधा सांभाळण्यासाठी धरलेली पकड असते. ती ताणून सैल केली की सांध्याला आधार उरत नाही. क्लासच्या आधी एकेक मिनिट पाय ताणून बसणं नको, त्याने काही वेळ जोर उतरतो. आधी अंग गरम करायचं: भरभर चालणं, पाय झुलवणं, हलक्या बैठका. ताणायचं असेल तर क्लासनंतर, अर्ध्या-एक मिनिटाचं, ओढ जाणवेल पण कळ येणार नाही इतकंच. दोन खुर्च्यांवर पाय ठेवून स्प्लिट, बेडकासारखं पालथं पडल्यावर मैत्रिणीने कमरेवर बसणं, हे प्रकार कुणीही सांगितले तरी नको.

मग करायचं काय? आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, अर्धा तास, एक दिवसाआड. पण हा वेळ आहे त्या तासांवर चढवायचा नाही, काहीतरी काढून मगच घालायचा.

टाच उचलणं हा सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम, आणि बहुतेक मुली तो चुकीचा करतात. अनवाणी, एका पायावर, भिंतीला दोन बोटं टेकवून. गुडघा सरळ. दोन सेकंदांत वर, क्षणभर थांबून तीन सेकंदांत खाली. वर गेल्यावर वजन अंगठा आणि दुसऱ्या बोटावर हवं. घोटा बाहेर कलला, म्हणजे वजन करंगळीकडे गेलं, की तो मोजायचा नाही. बोटांनी जमीन कुरतडायची नाही. मागून फोनवर व्हिडिओ काढा आणि तिलाच दाखवा. टाच पूर्ण वर जात नाही किंवा कलते तिथे मोजणं थांबवा, मग पुढे कितीही झाले तरी. पॉइंटच्या वाटेवर असलेल्या मुलीला असे २० ते २५ स्वच्छ यायला हवेत. घोटा दुखतोय तोवर पूर्ण उंचीपर्यंत जायचं नाही, टोचायच्या आधी थांबायचं आणि आधी दोन्ही पायांवर करायचं.

बाकीचे लवकर सांगते. एक पाय पुढे टाकून खाली बसणं, पायरीवरून एका पायाने सावकाश उतरणं, कमरेतून झुकून वजन उचलणं, कुशीवर प्लँक. पहिले काही आठवडे वजन म्हणून दप्तर पुरतं, मग डंबेल. पावलं बाहेर न वळवता सरळ पुढे ठेवून, वाटी दुसऱ्या बोटाच्या रेषेत. आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीतल्या शेवटच्या दोन वेळा जड वाटल्या पाहिजेत. सहज पंधरा निघत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली. वजन उचलल्याने उंची खुंटते ही समजूत इथेही आहे आणि आपल्याकडेही. नीट शिकवून, बेताने केलेल्या व्यायामाने तसं होत नाही. मांड्या जाड होतील ही दुसरी भीती. या वयात ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंच्या जुळणीतून, आकार फारसा बदलत नाही. मांड्यांचा आकार वयात आल्याने बदलतो, आणि तो बदलायलाच हवा.

दुखण्याचं मोजमाप ठेवायला शून्य ते दहा अशी पट्टी घ्या. तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळी ते होतं तिथे परत आलं तर चालू ठेवायला हरकत नाही. चारच्या वर गेलं किंवा सकाळी जिना उतरताना वाढलेलं जाणवलं तर मागचा दिवस जड झाला असं समजून कमी करा. क्लासच्या आधी आयबुप्रोफेन देऊन पाठवू नका. दुखणं कुठे वाढतं ते कळायचं आपलं एकमेव साधन त्याने बंद होतं.

आता तासांचा हिशेब. कागदावर सगळं लिहा: चार क्लास, परीक्षेचा जादा सराव, भरतनाट्यम, शाळेतलं नेटबॉल, आणि खोलीत आरशासमोर चाललेलं ते ‘थोडंसं’. खेळाडू मुलांच्या अभ्यासातून निघालेला एक अंदाज मी वापरते: आठवड्याचे तास वयाच्या आकड्यापुढे गेले की अतिवापराच्या दुखापती वाढतात. बारा वर्षांची, तर बारा तास. बॅलेसाठी तो नियम म्हणून कुणी लिहिलेला नाही, पण हिशेब करताना पालक स्वतःच दचकतात. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, त्यात भरतनाट्यमही नाही.

भरतनाट्यमचं वेगळं सांगते, कारण इथल्या मराठी घरांत ही जोडी बरीच दिसते आणि दोन्ही गुरूंना एकमेकांच्या क्लासची कल्पना नसते. अरैमंडीतही (भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीतही) पाय खुब्यातून बाहेर वळलेले, पण गुडघे वाकलेले, तासभर. म्हणजे मांडीच्या पुढच्या दोरीवर सतत ताण. त्यावर अडवूंमधले, म्हणजे मूळ पदन्यासांमधले, पदाघात, आणि क्लास बहुधा कम्युनिटी हॉलच्या लाकूड चिकटवलेल्या काँक्रीटवर. पूर्ण बैठक तर ऑस्गुडच्या गुडघ्याला सगळ्यात नकोशी. बॅलेच्या स्टुडिओत निदान खाली लवचीक लाकडी तळ असतो. सुट्टीत पुण्याला जाऊन मार्बलच्या फरशीवर उड्यांचा सराव होतो, तोही याच खात्यात जमा होतो. मी भरतनाट्यम सोडा म्हणणार नाही. गुरूंना सांगा की दोन महिने पूर्ण बैठक आणि जोराचे पदाघात नकोत. अभिनय, हस्त, ताल हे सगळं बसून करता येतं, आणि चांगल्या गुरूंना त्यात उलट संधी दिसते.

पॉइंट. १८३२ साली पॅरिसमध्ये मारी तालिओनी ही नर्तिका ‘ला सिल्फीद’ या बॅलेमध्ये बोटांच्या टोकांवर नाचली, तेव्हापासून प्रत्येक मुलीला ते शूज हवे असतात. तेव्हाचे शूज म्हणजे रफू करून टणक केलेली मऊ साटीन. आजच्या शूजमध्ये कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन घट्ट केलेली पेटी असते आणि खाली ताठ पट्टी. तरी मुलीला उभं ठेवतात तिचेच स्नायू. नृत्यवैद्यक क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सूचना साधारण अशा आहेत: १२ च्या आधी नाही. आठवड्याला एकच क्लास असेल तर नाही. दोन असतील तर शिकण्याच्या चौथ्या वर्षी. धड आणि पाय कमजोर असतील, किंवा घोटे फार सैल असतील, तर आधी ताकद. वयाचा आणि वर्षांचा हिशेब तुमच्या मुलीचा बसतो. उरलेल्या दोन अटींवर ती आज अडते.

वयापेक्षा या चाचण्या जास्त सांगतात. एका पायावर उभं राहून धड आणि दुसरा पाय जमिनीला समांतर न्यायचा, मग उभा गुडघा वाकवत हातांची बोटं जमिनीला लावायची, पाच वेळा. त्यात चार वेळा गुडघा आत न पडता आला तर ठीक. दुसरी, मोकळ्या जागेत एका पायावर १६ उड्या, त्यातल्या निदान आठ नेटक्या: कंबर सरळ, पाऊल ताणलेलं, आधी बोटं, मग टाच टेकवत उतरणं. तिसरी, एक स्वच्छ पिरुएट, न कलता. चवड्यावर पूर्ण उठता न येणाऱ्या, मागे टोचणाऱ्या घोट्यावर पॉइंट सुरू करणं मला मान्य नाही. माझा सल्ला, सप्टेंबर सोडा आणि ईस्टरच्या सुमाराला पुन्हा तपासा. मैत्रिणींचे गुलाबी शूज बघून तिला वाईट वाटेल. तोपर्यंत त्याच क्लासमध्ये मऊ शूज घालून तिला उभं राहू द्या. टीचरना लिहिताना ‘डॉक्टरांनी मनाई केली’ असं लिहू नका. काय चालेल आणि काय नको हे लिहा: बार पूर्ण, मधलं काम उड्यांशिवाय, टर्नआउट स्वतःचा, रिलेव्हे (चवड्यांवर उठणं) दुखू लागण्याच्या आधीपर्यंतच. बहुतेक टीचर अशा चिठ्ठीचं स्वागतच करतात, त्यांनाही नेमकं काय करायचं ते हवं असतं.

खाण्याचा विषय तुम्ही काढला नव्हता, पण ‘हल्ली रात्री भात नको म्हणते’ असं सहज लिहून गेलात. त्यावर मी थांबले. वाढ, नाच आणि पाळी सुरू होण्याची तयारी, तिन्ही एकाच ताटातून चालतात. ऊर्जा कमी पडली की शरीर आधी पाळी लांबवतं, मग हाडांवर काटकसर करतं. बॅले नर्तिकांमध्ये उशिरा आलेली पाळी आणि हाडांची फ्रॅक्चर यांचा संबंध १९८६ सालीच अमेरिकेत दाखवून झाला आहे. पावलाच्या दुसऱ्या लांब हाडाच्या मुळाशी येणारी बारीक चीर ही त्याची बॅलेतली नेहमीची जागा. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा आलेली तीन महिने थांबली, तर ‘नाचणाऱ्या मुलींना असं होतंच’ या वाक्यावर समाधान मानू नका, डॉक्टरांकडे न्या. घरी साधं ठेवा. क्लासच्या आधी पोळीचा रोल किंवा केळं, नंतर दूध किंवा दही आणि सोबत जेवण. शाकाहारी घरात प्रथिनं मोजून द्यावी लागतात; वाटीभर वरण पुरत नाही, पनीर, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, भाकरी आवडत नसेल तर सत्त्व चालेल. इंग्लंडातला हिवाळा, सावळी त्वचा आणि दिवसभर स्टुडिओत, तेव्हा व्हिटॅमिन डी जीपींकडे तपासून घ्या. आणि फोनवर, लग्नात, कुठेही कुणी ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ म्हणालं तर तिथल्या तिथे विषय बदला.

कंबर दुखत नाही असं तुम्ही म्हणता, ते बरं आहे. पण पुढे कधी आराबेस्क करताना (एका पायावर उभं राहून दुसरा मागे उचलताना), मागे वाकताना कमरेत एका बाजूला बोटाएवढ्या जागी दुखू लागलं आणि दोन आठवड्यांत थांबलं नाही, तर मणक्याच्या मागच्या भागात चीर असू शकते. तिथे व्यायाम वाढवायचा नाही, एमआरआय करून काही महिने थांबायचं. भाऊ बॅले करत असेल तर त्याच्यासाठीही हेच, जोडीदारणीला उचलायला लागल्यावर तर विशेष. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, गुडघ्याखालचा तो उंचवटा सोडून हाडावर इतर कुठे एका जागी दाबल्यावर कळ, ताप, सुजलेला सांधा, लंगडणं, यातलं काहीही असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

जीपींना पुन्हा भेटाल तेव्हा विश्रांतीच्या चिठ्ठीऐवजी फिजिओचा रेफरल मागा, आणि नृत्याच्या दुखापती पाहणारं एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) क्लिनिक जवळपास आहे का ते विचारा. काही रुग्णालयांत तशी क्लिनिक आहेत. जाताना तिचे मऊ शूज, आठवड्याच्या तासांचा कागद, उंचीच्या तारखा आणि टाच उचलतानाचा मागून काढलेला व्हिडिओ सोबत न्या. शॉर्ट्स घालून पाठवा, लेगिंग्ज नकोत. आणि कुठे दुखतं ते तिलाच सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.